दिवा प्रखर हवा की योग्य?



तुमच्या गल्लीत, आजोळच्या पडवीत किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजात एखादी जुनी मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरची जावा आणि पुढे तिचेच नाव बदलून आलेली येझदी, नाहीतर खेडोपाडी दूध वाहणारी राजदूत. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी त्याच्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. हौशी माणसे त्यांना जीव लावतात आणि घासूनपुसून लखलखीत ठेवतात. रात्र पडली की मात्र या गाड्यांचा एक दोष उघडा पडतो. त्यांचा पुढचा दिवा मिणमिणता असतो. मग मालक मिस्त्रीकडे जातो आणि म्हणतो, "चांगला जोरदार दिवा बसवून द्या."

या "जोरदार" शब्दाविषयीच मला आज तुमच्याशी बोलायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीचा दिवा अवश्य सुधारावा, पण त्यात केवळ अधिक प्रखर दिवा बसवणे ही सुधारणा नव्हे. बहुतेक वेळा प्रकाश कमी पडतो तो दिवा लहान असल्यामुळे पडत नाही. तो वाटेत गळत असतो, आणि जो उरतो तो भलतीकडे जातो. ही गळती आणि ही दिशा न पाहता बसवलेला नवा दिवा आपल्याला थोडेफार दाखवतो आणि समोरच्याला आंधळे करतो.

हे मत मी पुस्तक वाचून बनवलेले नाही. माझ्या मामांकडे १९६८ सालची मोटारसायकल आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्यात बाजारातून आणलेला पांढराशुभ्र एलईडी दिवा बसवला. पहिल्याच रात्री गाडी मी चालवत होतो आणि मामा मागे बसले होते. सांगली जिल्ह्यातला उसाच्या शेतांमधून जाणारा अरुंद रस्ता. समोरून एक वृद्ध दूधवाले सायकलवर येत होते, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेल्या. आम्ही जवळ आलो आणि ते रस्ता सोडून सरळ चरात उतरले. दूध सांडले आणि मनगटाला मार बसला. आम्ही धावत जाऊन त्यांना उठवले. मी म्हणालो, "काका, आम्हाला तुम्ही चांगले दिसत होता हो." ते हात चोळत म्हणाले, "तुमास्नी दिसलं वो, पर मला काय दिसलं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना मला शाळेतले सारे भौतिकशास्त्र पुन्हा उघडावे लागले. चला, आपण मिळून ते उघडू.

प्रथम गळती पाहू. जुन्या गाड्यांपैकी पुष्कळांची विद्युत्-व्यवस्था ६ व्होल्टची असते, तर आजच्या गाड्यांची १२ व्होल्टची. हिशेब सोपा जावा म्हणून ३६ वॅटचा दिवा घेऊ. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. म्हणून ६ व्होल्टवर या दिव्याला ६ अँपिअर प्रवाह लागेल, आणि ओहमच्या नियमाने त्याचा रोध १ ओहम येईल. १२ व्होल्टच्या ३६ वॅट दिव्याला मात्र ३ अँपिअरच पुरतात आणि त्याचा रोध ४ ओहम असतो.

आता पन्नास वर्षांच्या वायरिंगचा विचार करा. बटणाचे पत्रे काळे पडलेले, जोडांवर हिरवट थर चढलेला, आणि दिव्याची परतीची वाट जिथे गाडीच्या सांगाड्याला मिळते तिथे रंग आणि गंज. या सगळ्यांचा मिळून अवघा ०.२ ओहम रोध आहे असे धरा. ६ व्होल्टच्या गाडीत एकूण रोध १.२ ओहम झाला, प्रवाह ५ अँपिअर झाला, आणि दिव्याच्या वाट्याला ६ ऐवजी ५ व्होल्ट आले. उरलेला १ व्होल्ट गंजलेले जोड तापवण्यात गेला. तोच ०.२ ओहम १२ व्होल्टच्या गाडीत असता, तर दिव्याला सुमारे ११.४ व्होल्ट मिळाले असते.

तुम्ही म्हणाल, सहातला एक व्होल्ट गेला तर प्रकाशही सहावा भाग कमी होईल. येथेच निसर्ग आपल्याला चकवतो. तापलेल्या टंगस्टनच्या तारेचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात बदलत नाही. तो दाबाच्या साधारण साडेतीनाव्या घाताप्रमाणे बदलतो. वहीत करून पाहा. पाच षष्ठांशाचा घन ०.५८ येतो आणि चौथा घात ०.४८. खरा आकडा या दोहोंच्या मधला आहे. म्हणजे एका व्होल्टच्या गळतीने जवळजवळ निम्मा प्रकाश गेला! १२ व्होल्टच्या गाडीत त्याच गंजाने सुमारे १५ टक्केच गेला असता.

यातून निघणारा धडा साधा आहे. ज्याच्या जुन्या गाडीचा दिवा मंद आहे, त्याने नवा दिवा विकत घेण्यापूर्वी दिव्याच्या दोन टोकांमधला दाब मल्टिमीटरने मोजावा. दिवा पेटलेला असताना मोजावा, कारण प्रवाह वाहत नसेल तर गळतीही दिसत नाही. बॅटरीपाशी ६ आणि दिव्यापाशी ५ भरले, तर एक पॉलिश पेपरचा तुकडा, थोडी जाड तार आणि अर्थिंगचा स्वच्छ केलेला स्क्रू एवढ्यावर प्रकाश जवळपास दुप्पट होईल. दुरुस्तीत मोजमाप आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम आपण विसरतो.

यानंतर जमाखर्च पाहावा. जुन्या गाड्यांचे डायनामो बहुधा ४५ ते ६० वॅटचे असत. त्यातून ३५ वॅटचा पुढचा दिवा, ५ वॅटचा मागचा आणि ठिणगीच्या कॉइलला साधारण १५ वॅट द्यायचे, म्हणजे ५५ वॅट झाले. ४५ वॅटच्या डायनामोला हे पेलत नाही. उणे पडते ते बॅटरी देते, आणि लांबच्या प्रवासात तीही थकते. अशा गाडीत कोणी ६० वॅटचा हॅलोजन बसवला तर खर्च ८० वॅटवर जाईल. घरात उत्पन्न ४५ आणि खर्च ८०, तो संसार किती दिवस चालेल?

या बाबतीत एलईडीची बाजू खरोखरच भक्कम आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. साध्या तारेच्या दिव्यात एका वॅटमागे सुमारे १२ ते १५ ल्यूमेन प्रकाश मिळतो, कारण दिलेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णता म्हणून निघून जातो. हॅलोजनमध्ये २० ते २५ ल्यूमेन मिळतात. त्याच्या काचेतील आयोडीन किंवा ब्रोमीन हे तारेवरून उडालेले टंगस्टन पुन्हा तारेकडे नेऊन सोडते, म्हणून तार अधिक तापवता येते आणि काच काळी पडत नाही. चांगल्या एलईडीत मात्र एका वॅटमागे १०० च्या घरात ल्यूमेन मिळतात. निळा एलईडी तयार केल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, कारण त्याच्यामुळे पांढऱ्या प्रकाशाचे काटकसरी दिवे शक्य झाले. पंधरा वॅटचा एलईडी जुन्या डायनामोला वरदानच ठरावा. मग आमचे दूधवाले काका चरात का गेले?

याचे उत्तर दिव्यामागच्या वाटीत आहे. हेडलाइटचा अंतर्वक्र परावर्तक अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा असतो. त्याच्या नाभीपाशी प्रकाशाचा बिंदू ठेवला की किरण समांतर होऊन दूर जातात. बिंदू नाभीच्या किंचित वर सरकवला तर झोत खाली झुकतो, आणि खाली सरकवला तर वर उठतो. किती उठतो? परावर्तकाचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर आहे असे समजा, आणि बिंदू फक्त १ मिलिमीटर खाली गेला असे धरा. समरूप त्रिकोणांचा नियम लावा. २५ मिलिमीटरला १ मिलिमीटर, तर २५ मीटरला १ मीटर! पेन्सिलीच्या टोकाएवढ्या चुकीने पंचवीस मीटरवरच्या माणसाच्या गुडघ्यांवर पडणारा झोत त्याच्या डोळ्यांत जातो.

जुने दिवे बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून दिव्यात दोन तारा असत. अप्परची तार नाभीवर आणि डिपरची नाभीपासून मोजून बाजूला. १९७१ मध्ये आलेल्या एच-४ जातीच्या हॅलोजन दिव्यात डिपरची तार नाभीच्या पुढे असते आणि तिच्या खाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते, कारण तिथून परतलेले किरण वर, समोरच्याच्या डोळ्यांकडे गेले असते. ती वाटी निम्माअधिक प्रकाश वाया घालवते असे वरवर वाटेल. मला मात्र ती वाटी म्हणजे विज्ञानाने दाखवलेली सभ्यता वाटते.

आम्ही आणलेल्या स्वस्त दिव्यात प्रकाश देणाऱ्या चकत्या एका पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेल्या होत्या. जिथे केसासारखी बारीक तार हवी, तिथे जाडजूड पट्टी होती. वाटी नव्हतीच. डिपर दाबला की प्रकाश फक्त थोडा कमी होई, त्याची दिशा बदलत नसे. त्यामुळे गाडीपुढचा रस्ता पांढराफेक दिसला, झाडांचे शेंडेही उजळले, आणि समोरच्याच्या डोळ्यांत सुया टोचल्या. चांगल्या प्रतीच्या एलईडी दिव्यांत चकत्या बारीक असतात, जुन्या तारेच्या नेमक्या जागी बसवलेल्या असतात आणि वाटीही असते. ल्यूमेनचा आकडा वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. चकती नाभीपाशी बसते की नाही, हे आपल्यालाच पाहावे लागते.

आता डोळ्याकडे वळू. अंधारात आपण दृष्टिपटलावरच्या दंडाकार पेशींच्या साहाय्याने पाहतो. त्यांतले रंगद्रव्य प्रखर प्रकाशाने विरून जाते, आणि ते पूर्ण भरून येण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. झोत निघून गेल्यावर कामापुरते दिसू लागायलाही काही सेकंद जातात. तीन सेकंद धरले, तर ताशी १५ किलोमीटर वेगाचा सायकलस्वार तेवढ्यात साडेबारा मीटर जातो, आणि ताशी ५० किलोमीटर वेगाचा मोटारसायकलस्वार सुमारे ४२ मीटर. तेवढे अंतर तो जणू डोळे मिटून जात असतो. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग गढूळ होते आणि त्यात प्रकाश अधिक विखुरतो. म्हणून जो झोत तुम्हाला नुसता खुपतो, तो तुमच्या आजोबांना आंधळे करतो.

"पण दूरचे दिसायला प्रखर दिवा नको का?" असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर संपले. जुन्या ड्रम ब्रेकने गती दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद अशी कमी होते असे धरले, तर आणखी ३५ मीटर लागतील. एकूण ६० मीटर. ताशी ४० किलोमीटर वेगाला हेच अंतर सुमारे ३२ मीटर येते. दुसरीकडे, अंतर दुप्पट झाले की पडणारा प्रकाश चौथाई होतो. म्हणजे ३० ऐवजी ६० मीटरवरची बैलगाडी तेवढीच स्पष्ट दिसण्यासाठी चौपट प्रकाश हवा. वेग ६० वरून ४० वर आणला तर मात्र काहीच विकत न घेता आपली गरज जवळजवळ निम्म्या अंतरावर येते. ऊस हंगामात मागे लाल चकतीही नसलेल्या बैलगाड्या रात्री रस्त्यावर असतात, तेव्हा हा हिशेब जीव वाचवणारा ठरतो.

माझ्या मतावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला जुन्या वस्तूंच्या चाहत्यांचा. ते म्हणतात, "जुनी गाडी हा इतिहास आहे, तिच्या एका स्क्रूलाही हात लावू नका." त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. पण इतिहासच पाहायचा तर सुरुवातीच्या काळातल्या अनेक मोटारसायकलींना कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून मिळणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे होते. वीज आली तेव्हा लोकांनी ते बदललेच. जुनी वस्तू वापरात ठेवायची तर ती आजच्या रस्त्याला जबाबदार असली पाहिजे. काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून पेटीत जपून ठेवावेत, म्हणजे इतिहासही हरवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. "समोरून येणारे सगळेच डोळे दिपवणारे दिवे लावतात. मी एकट्याने सभ्यपणा दाखवून काय होणार?" मित्रहो, समोरच्याने दिपवल्यावर आपणही दिपवले, तर एका अरुंद रस्त्यावर दोन आंधळे एकमेकांकडे धावत येतात. यात जिंकतो कोण? शिवाय हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढचा दिवा असा झुकवलेला हवा, की ८ मीटरवर उभ्या असलेल्या आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांची उंची. जणू हा नियम तुम्हाला समोर उभे करूनच लिहिला आहे.

मग करावे काय? माझ्या मते क्रम असा असावा. आधी दाब मोजून गळती थांबवावी. बटणातून सगळा प्रवाह न नेता रिले बसवून बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड आणि आखूड तार घ्यावी. परावर्तकाची चकाकी उडाली असेल तर तो बदलावा, कारण काळवंडलेल्या आरशापुढे कोणताही दिवा व्यर्थ आहे. मग झोताची उंची साधावी. एवढ्यावर भागले नाही तरच व्यवस्था १२ व्होल्टची करावी, किंवा नाभी सांभाळणारा चांगला एलईडी घ्यावा. तो घेताना गाडीत सांगाड्याला बॅटरीचा धन ध्रुव जोडला आहे की ऋण, हे तपासावे. जुन्या इंग्रजी बनावटीच्या अनेक गाड्यांत धन ध्रुव जोडलेला असे. साध्या तारेला दिशेचे सोयरसुतक नसते, पण डायोडमधून प्रवाह एकाच दिशेने जातो.

शिक्षकांना एक विनंती आहे. झोताची उंची साधण्याचा प्रयोग शाळेच्या मैदानावर एका संध्याकाळी सहज करता येतो. गाडी भिंतीपासून ८ मीटरवर सपाट जागी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा. ती ९० सेंटिमीटर असेल आणि डिपरचा झोत ४५ मीटरवर जमिनीला टेकावा असे वाटत असेल, तर तो दर मीटरला २ सेंटिमीटर उतरला पाहिजे. म्हणजे भिंतीवर त्याचा मध्य दिव्याच्या उंचीच्या १६ सेंटिमीटर खाली हवा. खडूने रेघ मारा आणि पाहा. मग मागच्या सीटवर एकाला बसवा. गाडीचा मागचा भाग दबेल आणि झोत वर सरकेल. किती सरकला ते मोजा. समरूप त्रिकोण, ओहमचा नियम, अंतर्वक्र आरसा, हे सारे धडे त्या एका भिंतीवर मुलांना दिसतील. शाळेत येणाऱ्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या गाड्याही तपासून द्या. पुष्कळांचे झोत रेघेच्या वर निघतील.

आमच्या गाडीचे काय झाले, ते सांगून थांबतो. तो पांढरा दिवा आम्ही काढून टाकला. मीटर लावला तेव्हा दिव्यापाशी ६ ऐवजी ४.९ व्होल्ट भरले. दोष होता दिव्याच्या डब्यातल्या अर्थिंगमध्ये आणि बटणात. ते साफ केले, तारा बदलल्या, नवा परावर्तक घातला, आणि जुन्याच ३५ वॅटच्या दिव्यावर रस्ता दिसू लागला. रात्री आम्ही चाळिसाच्या वर जात नाही. नंतर एका संध्याकाळी मामा त्या दूधवाल्या काकांना घरी घेऊन आले. गाडी अंगणात लावून दिवा सुरू केला आणि त्यांना समोर आठ मीटरवर उभे केले. मामांनी डिपर दाबला. काका थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आता तुमचं तोंड दिसतंय."

तुमच्या घरच्या गाडीसमोर आज रात्री असेच उभे राहून पाहा. चालवणाऱ्याचे तोंड तुम्हाला दिसते का?